एक्सेलमध्ये बारा रकाने, त्यात तुमचा एकही नाही

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून): वय ३३, डोंबिवली पूर्वेला स्वतःचा वन बीएचके, कर्जाची सहा वर्षं बाकी. नवरा आयटीत, ऑफिस ऐरोलीला, आठवड्यातून दोन दिवस जावं लागतं, बाकी घरून काम. पत्र लिहिणाऱ्या स्वतः फिजिओथेरपिस्ट, नऊ वर्षांची प्रॅक्टिस, सकाळी एका हॉस्पिटलात आणि संध्याकाळी घरोघरी पेशंट, महिन्याला साधारण ४५ हजार मिळतात. मुलगी चार वर्षांची, ज्युनिअर केजीत. सासूबाई सोबत असतात, वय ६८. मे २०२४ मध्ये एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा यांच्या घराच्या काचा हादरल्या, मुलगी झोपेतून किंचाळत उठली आणि तेव्हापासून इथून निघायचं डोक्यात आहे. नवऱ्याने एक्सेल शीट करून पुणे, नाशिक आणि कोल्हापूर यांना मार्क दिलेत. पुणे पहिलं, कोल्हापूर शेवटचं. यांना नाशिक आवडतं, मनातून कोल्हापूर हवंय कारण ते माहेर, पण बोलायची चोरी. सासूबाई म्हणतात तुम्ही न्याल तिकडे येईन. नवरा म्हणतो, "तू काय, फिजिओ कुठेही करशील." प्रश्न असा की लहान मूल असलेल्या कुटुंबासाठी यातलं कोणतं शहर चांगलं?

तुम्ही शीटचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, मी तो झूम करून करून वाचला. नवऱ्याने मनापासून मेहनत घेतलीय, खोटं कशाला बोलू, आमच्याकडे एवढा अभ्यास फ्रिज घेतानाही झाला नव्हता. बारा रकाने आहेत. घरभाडं, पाणी, हवा, शाळा, ट्रॅफिक, मॉल, अगदी एअरपोर्ट किती लांब तेही आहे (वर्षातून किती वेळा विमानात बसता हो तुम्ही?). पण तुमच्या प्रॅक्टिसचा रकाना नाही आणि सासूबाईंचाही नाही. आणि ते मुद्दाम वगळलेत असंही मला वाटत नाही, ते "तू काय, कुठेही करशील" या वाक्यात आधीच निकालात निघालेत, रकाना काढायची गरजच पडली नाही.

मला त्या वाक्यावर जरा थांबायचंय. ते प्रेमाने म्हटलेलं असतं, तुमच्या हुशारीवरचा विश्वासही असतो त्यात, पण ते खरं नाही. कुठेही काम कोण करू शकतं? तुमचा नवरा, ज्याचं ऑफिस एका बॅगेत मावतं. तुमचं काम म्हणजे डोंबिवलीतले ते चार-पाच ऑर्थोपेडिक डॉक्टर जे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पेशंटच्या हातात तुमचा नंबर ठेवतात, मग त्या आजी बऱ्या झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगतात, ते त्यांच्या विहिणीला सांगतात, असं करत करत नऊ वर्षांत बिल्डिंगमागून बिल्डिंग जोडली गेलेली असते. डिग्री टेम्पोत घालून नेता येते, हे नाही नेता येत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचं काम बॅगेत मावतं त्याच्यापासून शहर ठरवायला घेतलं की कुठलंही शहर चालतं, आणि कुठलंही चालतं म्हणूनच मग मॉल आणि एअरपोर्ट मोजत बसावं लागतं. घरात ज्याचं सगळ्यात कमी हलणार आहे त्याच्यापासून सुरू करा. तुमच्या घरात ती माणसं दोन, तुम्ही आणि सासूबाई. नवरा आणि चार वर्षांची मुलगी हे दोघं सगळ्यात हलके, ते कुठेही रुजतील. (मुलीच्या शाळेचा ताण तुम्ही पत्रात दीड पान घेतलाय. एवढा नका घेऊ. फक्त सीबीएसईची शाळा एप्रिलमध्ये सुरू होते आणि स्टेट बोर्डाची जूनमध्ये, आणि चांगल्या शाळांचे फॉर्म त्याच्या बरेच महिने आधी निघतात, तेवढं कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.)

हे पैशात मांडून बघा, कारण शीटवाल्या माणसाशी शीटच्याच भाषेत बोलावं. नवीन शहरात पहिल्या वर्षी तुम्हाला एखाद्या हॉस्पिटलात पगारी काम मिळेल, घरचे पेशंट हळूहळू येतील, समजा ४५ चे २० हजार झाले. म्हणजे महिन्याला २५ हजार कमी, वर्षाला तीन लाख. आता हे तीन लाख पुण्याच्या ओळीत टाका आणि मार्क परत मोजा. शिवाय मूव्हर्स-पॅकर्स, डिपॉझिट, ब्रोकरेज, नव्या घराचे पडदे (पडदे कुणीच धरत नाही आणि ते प्रत्येक वेळी दहा-पंधरा हजार खातात). नुसता भाड्यातला फरक बघून उड्या मारू नका. एक दिलासा आहे, तुमचं रजिस्ट्रेशन राज्याच्या कौन्सिलचं असल्यामुळे महाराष्ट्रात कुठेही गेलात तरी कागदांची कटकट नाही. ज्या वाचक बंगळुरू, हैदराबादचा विचार करताय आणि नर्स, शिक्षिका, फिजिओ असं काही करताय, त्यांनी मात्र तिथल्या राज्याचे नियम आधी विचारून घ्या, घर नंतर बघा.

आता एक आगाऊ प्रश्न विचारते. तुम्हाला डोंबिवली सोडायचीय की हे घर सोडायचंय? पत्रात जी चार कारणं दिलीत ती मी वेगळी काढून बघितली. एमआयडीसीची भीती, वन बीएचकेत पाच मिनिटंही एकटं बसता येत नाही, नवऱ्याचा कॉल चालू असताना मुलीला गप्प करत राहावं लागतं आणि धूळ. यातली पहिली तीन कारणं रेल्वेच्या पलीकडे पश्चिमेला भाड्याचा टू बीएचके घेतला तरी बरीचशी मिटतात. भीतीला मी हलकं लेखत नाहीये, तिथे २०१६ च्या मे महिन्यातही स्फोट झाला होता, आई म्हणून तुम्हाला त्या बाजूला झोप लागत नसेल तर ते कारण पुरेसं आहे, त्याला आणखी अकरा कारणांचा आधार लागत नाही. पण कारखान्यांपासून लांब जायला दीडशे-चारशे किलोमीटर लागतातच असं नाही. शीटमध्ये चौथी ओळ टाका, "डोंबिवली पश्चिम, टू बीएचके". आत्ताचं घर भाड्याने दिलं की त्यातून हप्त्याचा मोठा भाग निघेल. ती ओळ सगळ्यात कंटाळवाणी दिसेल, कुणाला सांगायलाही काही मजा नाही, ‘आम्ही शिफ्ट झालो’ म्हटल्यावर लोक विचारतात ‘कुठे’ आणि आपण म्हणायचं ‘पश्चिमेला’. पण तुमचे पेशंट तसेच राहतात.

आणि सासूबाईही तशाच राहतात. तुम्ही ओझरतं लिहिलंय की त्या रोज संध्याकाळी गणपतीच्या देवळात जातात, भजनी मंडळ आहे, गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत अजून नऊवारी नेसून चालतात. अहो ती यात्रा डोंबिवलीत १९९९ ला सुरू झाली, म्हणजे तुमच्या सासूबाई चाळिशीत असल्यापासून ते त्यांचं गाव आहे, फडके रोडवर पन्नास माणसं त्यांना नावाने ओळखतात. "तुम्ही न्याल तिकडे येईन" याला होकार समजू नका. घर मुलाचं, सून कमावती, आपला भार नको, या भावनेतून आलेलं ते वाक्य आहे. आमच्या पिढीला अजून हे वाक्य पाठ आहे, मीही एक दिवस म्हणेन बहुतेक. त्यांना "कुठे जायचं" असं विचारूच नका, उत्तर मिळणार नाही. "इथलं काय सुटलं तर तुम्हाला करमणार नाही" असं विचारा, आणि नवरा समोर नसताना विचारा.

आता शहरं.

पुण्याला नवऱ्याने दिलेले मार्क चुकीचे नाहीत. नवऱ्याची नोकरी गेली तर दुसरी तिथे मिळेल, हॉस्पिटलं भरपूर म्हणून तुम्हालाही पगारी काम मिळेल, हे खरंच आहे. पण शीटमध्ये नुसतं "पुणे" लिहिलंय, आणि पुणे असं एक शहर नाहीच, कोथरूडचं पुणे वेगळं, वाघोलीचं वेगळं, रावेतचं वेगळं. त्यांच्यातलं अंतर एवढं की तुम्ही एका टोकाला राहून दुसऱ्या टोकाला होम व्हिजिट घेतलीत तर दोन पेशंटमध्ये संध्याकाळ संपेल. इथे आमची गोष्ट सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही ठाण्याहून पुण्याला गेलो, शहराच्या पूर्वेला नवीन सोसायटी, फ्लॅट बघितला तो जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी. गार हवा, रिकामा रस्ता, बागेत कारंजं उडत होतं. एप्रिलमध्ये कारंजं बंद आणि गेटवर टँकरची लाइन, आणि टँकरचे पैसे मेंटेनन्सच्या वर वेगळे, हे सेल्सवाल्या पोराने सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं कारण आम्ही कारंजं बघत होतो. अडीच वर्षांनी परत ठाण्यात. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पाणी बिल्डरला विचारायचं नाही आणि ब्रोकरलाही नाही, वॉचमनला विचारायचं. मे महिन्यात रोज किती टँकर येतात, एवढंच. त्याला खोटं बोलायचं काही कारण नसतं.

नाशिक तुम्हाला आवडतं, कारण दोनदा सुट्टीला गंगापूर रोडला राहिलात, हवा छान, मिसळ खाल्ली, द्राक्षाच्या बागा बघितल्या. सुट्टीतलं शहर आणि मंगळवारचं शहर वेगळं असतं. तरी नाशिक मला व्यक्तिशः पटतं, अंतरं कमी, तुमच्या होम व्हिजिट दुचाकीवर होतील. पण नवऱ्याचे ते दोन दिवस बघा. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस, दहाच्या मागेपुढे ठाणे, तिथून ऐरोलीची लोकल, आणि रात्री नाशिकरोडला उतरेपर्यंत साडेनऊ-दहा. लोक करतात, वर्षानुवर्षं करतायत, पंचवटीच्या पासधारकांचा तर एक वेगळा संसारच आहे त्या डब्यात. मात्र त्या दोन दिवशी पहाटे साडेपाचपासून रात्री साडेदहापर्यंत मुलगी, सासूबाई, जेवण, शाळेची व्हॅन हे सगळं कुणाकडे? तुमच्याकडे. नेमक्या त्या वर्षी, जेव्हा तुम्हाला नवीन डॉक्टरांना भेटत फिरायचंय. आणि सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, त्याच्या आगेमागे रस्ते आणि भाडी दोन्हीचा भरवसा धरू नका. जायचंच असेल तर तो गोंधळ ओसरल्यावर जा, गोदावरी कुठे पळून जात नाही.

कोल्हापूर शीटमध्ये शेवटी आलंय कारण एअरपोर्ट, मॉल, आयटी, या तिन्हीत ते मार खातं. आता तुमचा रकाना टाका आणि काय होतं बघा. तिथे तुमचे वडील चाळीस वर्षं ओळखीचे, तुम्ही "अमक्यांची लेक" म्हणून दवाखान्यात शिरलात की डॉक्टर खुर्ची देतील, इतर शहरांत जे जमवायला दोन-तीन वर्षं लागतील ते इथे सहा महिन्यांत होईल. मुलीला संध्याकाळी आजी-आजोबांकडे सोडून पेशंट घेता येतील. म्हणजे तुम्ही जे माहेरची ओढ म्हणून लाजत लाजत लिहिलंय ते खरं तर तुमच्या प्रॅक्टिसचं गणित आहे, त्यात चोरी कसली! तसंच मांडा नवऱ्यापुढे. आणि गंमत बघा, ऐरोलीचे दोन दिवस सलग मिळाले तर कोल्हापूर नाशिकपेक्षा सोपं पडू शकतं, रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली की पहाटे कल्याण, मधली रात्र डोंबिवलीत दिराकडे, दुसऱ्या रात्री परत महालक्ष्मी. आठवड्यातून एकच फेरी. अट एक, ते "दोन दिवस" कंपनीने कुठे लिहून दिलेत का हे बघा. मॅनेजरने तोंडी सांगितलेली सवलत मॅनेजर बदलला की जाते, आणि उद्या पाच दिवस बोलावलं तर तीनशे-चारशे किलोमीटरवर बसून काय करणार.

कोल्हापूरचं पाणी वेगळ्या अर्थाने बघा. २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्हाला मी काय सांगू, तुमच्या घरच्यांनी बघितलाय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांवर गेली की धोका, हे तिथे पोरासोरांना माहीत असतं. पण माहेरच्या ओढीत माणूस "आमच्या गल्लीत नाही येत" म्हणून टाकतो. घर बघताना २०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं ते शेजाऱ्याला भिंतीवर हात लावून दाखवायला सांगा, आणि सासूबाई असल्यामुळे तळमजला नकोच. (पूर फक्त कोल्हापूरला येतो असंही नाही, जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रोडवर एकतानगरीत लोकांना बोटीतून काढलं. नदीकाठचं घर कुठेही असो, हात लावून दाखवा म्हणायचं.) आणि भाड्याचा आकडा भावाने तीन वर्षांपूर्वी सांगितलेला धरू नका, ऑगस्ट २०२५ पासून तिथे हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, आजूबाजूच्या जिल्ह्यांतले वकील येऊन राहतायत, आत्ताची चौकशी करा.

कोल्हापूरचा खरा अवघड प्रश्न पूर नाहीच, तुमच्या सासूबाई आहेत. त्या भजनी मंडळ सोडून येणार आणि सुनेच्या माहेरच्या गावात राहणार, जिथे घरात येणारं प्रत्येक माणूस तुमच्याकडचं. व्याही कितीही चांगले असोत, सणाला तुमच्या आईकडे जमायचं आणि यांनी एका बाजूच्या खुर्चीवर पाहुण्यासारखं बसायचं, असं वर्षभर झालं की माणूस मिटून जातं. उलट करून बघा ना, किती सुना याच कारणाने मिटल्या. हे टाळता येतं, घर माहेरपासून चालत जायच्या अंतरावर नको, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं लांब घ्या, आणि तुमच्या आईने "रोज डबा पाठवते" म्हटलं तर प्रेमाने नाही म्हणा. स्वयंपाकघर सासूबाईंचं राहू द्या.

मग माझं मत? विचारलंय म्हणून सांगते, पहिलं डोंबिवली पश्चिम, दुसरं कोल्हापूर, तिसरं नाशिक, पुणे चौथं. पण हे तुम्ही पाठवलेल्या माहितीवर, तुमच्या प्रॅक्टिसचा रकाना सगळ्यात वर धरून. नवऱ्याची नोकरी डळमळीत असती तर पुणे वर गेलं असतं, हे प्रामाणिकपणे त्यालाही सांगा.

काही झालं तरी डोंबिवलीचं घर विकू नका. शहराबाहेर पडायचं ठरलं तर पहिले ११ महिने भाड्यानेच राहा, नवीन शहरात पहिल्या सहा महिन्यांत कुणी फ्लॅट बुक केला की मला फार काळजी वाटते. आपलं घर भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार नीट रजिस्टर करून घ्या, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची आहे, म्हणजे तुमची. ओळखीतला आहे, नंतर करू, असं नको. भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही द्या.

आणि निघायच्या आधी एकदा जुलैमध्ये तिथे एक आठवडा जाऊन राहा. मेमध्ये नको, दिवाळीत तर मुळीच नको, माहेरी दिवाळीत सगळंच गोड लागतं. हॉटेलात नाही आणि माहेरीही नाही, एखादं घर आठवड्यासाठी घ्या. नवऱ्याने रोज सकाळी लॉगिन करायचं, लाइट किती वेळा जाते आणि नेट कसं चालतं ते कळेल. तुम्ही त्या आठवड्यात निदान तीन ऑर्थोपेडिक डॉक्टरांना आणि एका हॉस्पिटलच्या फिजिओ डिपार्टमेंटला भेटून या, नुसतं "चौकशीला आलेय" म्हणून. तीनपैकी एकानेही "कधीपासून येताय" असं विचारलं नाही तर त्या शहराची ओळ शीटमधून तूर्त काढून टाका, एअरपोर्ट कितीही जवळ असो. मुलीला आजारी पडू देऊ नका म्हणणार होते पण खरं तर आठवड्यात एकदा तिला सर्दी झाली तर बरंच, मुलांचा डॉक्टर किती लांब आणि किती वेळ बसवतो ते समजेल.

सासूबाईंना घेऊन जाच. त्यांना घर दाखवत बसू नका. एका सकाळी पिशवी आणि पैसे देऊन भाजीला एकट्यांना पाठवा, देवळातही एकट्या जाऊन येऊ देत. परत आल्यावर भाव काय होता एवढंच विचारा. भाजीवालीचं नाव सांगत आल्या तर एक, आणि "ठीक आहे, मिळते भाजी" म्हणून पिशवी ओट्यावर ठेवून खोलीत गेल्या तर दुसरं. ते उत्तर शीटमध्ये नवऱ्याच्याच हाताने भरून घ्या, आणि मग मला परत लिहा.